एक ‘मी’ जास्तीचा

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे आणि मार खाणं हा माझा धंदा आहे. रमच्या फुटक्या पिंपाच्या फळ्या आणि खाटकाकडून आणलेलं शेळीचं कातडं, एवढंच माझं कूळ. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! तिचं ओरडणं कोणी ऐकलं नाही. माझा आवाज मात्र साऱ्यांना गोड लागला.

मला घडवलं आसाफबाबांनी. जमैकाच्या डोंगरात आमची रास्ता पंथाच्या लोकांची वस्ती. जटा राखायच्या, मांस वर्ज्य, रोज शास्त्रातला एक अध्याय वाचायचा आणि माझ्या ठेक्यावर स्तोत्रं म्हणायची. वाचता वाचता या लोकांनी आपली बोलीसुद्धा सोवळी करून टाकली. त्यांच्या तोंडी ‘तू’ नाही, ‘तो’ नाही. देव प्रत्येकात बसलाय, मग परका कोण? म्हणून सगळ्यांना मिळून एकच शब्द, ‘मी-आणि-मी’. किंग्स्टन शहरातल्या रेगे संगीतवाल्यांना हे फार भावलं. त्यांनी बाबांना नेलं, गाण्याची तबकडी निघाली आणि बाबांच्या उजव्या हाताचं गावोगाव कौतुक झालं.

जटावाल्यांवर पोलिसांचा दात होताच. मग एका सकाळी सार्जंट लिंडो शिपाई घेऊन वस्तीवर आला.

“काय रे जटाधारी, देव कुठाय तुझा?”

“मी-आणि-मीतच आहे, सार्जंट.”

“असं का? मग त्यालाही लागू दे की थोडं!”

त्यानं बाबांचा उजवा हात माझ्यावर दाबून धरला आणि बंदुकीच्या दस्त्यानं ठेचला. मित्रांनो, जन्मभर मी त्या हाताचा मार खाल्ला, पण तसला आवाज माझ्यातून कधी निघाला नव्हता. नंतर बाबांच्या जटा कातरून त्यांच्याच चुलीत घातल्या.

बाबांची बायको केझाया हिनं बाबांच्या वतीनं तक्रार केली. पुरावा म्हणून मला कोर्टात टेबलावर ठेवलं होतं. ती बाबांच्या कानाशी लागली.

“अहो, एकदाच ‘त्यानं’ म्हणा. तेवढ्यानं त्याचा पट्टा उतरेल.”

“तो वेगळा कुठाय गं?”

“मोडलेला हात कुणाचा? त्याचा की तुमचा? जळो मेलं ते शास्त्र!”

न्यायाधीशांनी विचारलं, “हात कोणी मोडला?”

“मी-आणि-मीनं.”

“म्हणजे तुम्हीच?”

“सार्जंटमध्येही मी-आणि-मीच आहे, साहेब.”

सगळं कोर्ट खो-खो हसलं. लिंडो तर डोळे पुसत होता. “पाहा साहेब, कबूल झाला! वर एक ‘मी’ जास्तीचा दिला!”

लिंडो सुटला. खोट्या तक्रारीसाठी बाबांना तुरुंगात टाकलं. तिथे हात सडला, तेव्हा मनगटापासून कापला. माझी रवानगी कोर्टातून पोलीस चौकीत झाली होती. केझाया मला मागायला तिथे आली, तर लिंडो म्हणाला, “एका हातानं काय वाजवणार म्हातारा? घंटा?” ती पायऱ्यांवर बसून रडली आणि गेली.

आता लिंडो माझ्यावर पाय ठेवून बसतो. रेडिओवर ती तबकडी लागते, ‘मी-आणि-मी’ची कडवी येतात आणि त्याच्या टाचा माझ्यावर ठेका धरतात. परवा तर मान डोलवत म्हणाला, “वा! काय हात आहे वाजवणाऱ्याचा!”

मित्रांनो, जुन्या ढोलाला ओल लागू देऊ नका, अधूनमधून ऊन दाखवा. आणि कधी मार खाल्लात आणि कोणी विचारलं, कुणी मारलं, तर ‘मी’ म्हणू नका. बाबा माझे फार मोठे होते, पण तिथे चुकले. मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर सांगेन.

लिंडोनं.