शेपट्याचं नवं नाव

मराठीत डब होत असलेल्या कार्टून मालिकेच्या शेवटच्या भागात पडद्यावर दाट धुकं होतं आणि त्या धुक्यात बदकीण आपल्या हरवलेल्या पिल्लाला हाक मारत होती. तिची चोच मिटली, उघडली, पुन्हा मिटली आणि मग लांबच लांब उघडी राहिली.

"शेऽऽपट्या!" काचेपलीकडे माइकसमोर उभ्या असलेल्या, बदकिणीला आवाज देणाऱ्या मावशी ओरडल्या आणि स्वतःच थांबल्या. "अगं बाई, हिची चोच मिटलेली नि माझं तोंड उघडं! पोटातून बोलते की काय ही?"

भाषांतर करणारी हिरमुसली. रांगेत कायम शेवटी चालणाऱ्या या पिल्लाच्या मूळ नावाचा अर्थच 'शेवटचा'. मालिकेच्या सुरुवातीला एका दुपारी लेकीला एका हाताने थोपटता थोपटता तिला 'शेपट्या' सुचलं होतं. आधीच्या भागांत ते खपूनही गेलं, कारण तिथे चोच एवढी जवळून कधी दिसलीच नव्हती. हा भाग हाती यायच्या आतच ती आपली नाव ठेवून मोकळी झाली होती!

"मूळचंच नाव घेऊ या," दिग्दर्शिका म्हणाली.

"नको ना ताई! मुलांना तो नुसता आवाज वाटेल. आई कुणाला बोलावतेय ते कळलं, तरच त्यांनाही त्याला शोधावंसं वाटेल."

"मग जेवणाची सुट्टी संपेपर्यंत दुसरं दे. चोचीत बसणारं."

पाळणाघर बंद, म्हणून लेक आज सोबतच होती. तिला घेऊन ती हात धुवायला निघाली. ओठांवर नावं घोळवून पाहणं चालूच होतं. 'रेंगाळ्या'? चोच मिटतच नाही. 'मंदोबा'? मिटते खरी, पण उद्या वर्गातल्या एखाद्या सावकाश पोराला तेच चिकटायचं. लेक एक बूट पायात, एक हातात, अशी मागे रेंगाळलेली.

"चल गं, मागोमाग ये," रोजच्या सवयीने ती म्हणाली आणि बेसिनवरच्या आरशासमोर थबकली. पुन्हा म्हणून पाहिलं. ओठ मिटले, उघडले, मिटले, उघडले.

"मागोमाग!" तिने लेकीला काखोटीला मारलं आणि स्टुडिओकडे धूम ठोकली.

"माझा बूऽट!"

"नंतर घाल!"

नवं नाव ऐकून यंत्रापाशी बसलेल्या रेकॉर्डिस्टने डोक्याला हात लावला. "म्हणजे मागच्या सगळ्या भागांतला शेपट्या परत बोलायचा?"

"बोलू की!" मावशी तरातरा उठल्या. "मला मेलीला तो कधी आवडलाच नव्हता. कुणी लेकराला शेपट्या म्हणतं का?"

हाक कुठे लांबवायची ते दाखवायला ती मावशींच्या शेजारीच उभी राहिली. लेक पायाशी सतरंजीवर बसली. लाल दिवा लागला. पडद्यावर पुन्हा धुकं आलं.

"मागोमाऽऽऽग!"

चोच मिटली, उघडली, मिटली आणि लांबच लांब उघडी राहिली. तंतोतंत! हाक विरली.

"येतेय ना गं आई!" पायाशी कुणीतरी कुरकुरलं. "बूट तर घालू दे!"

मावशी तोंडावर पदर दाबून हसत सुटल्या. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट खुर्चीतच गदगदत होता. दिग्दर्शिकेने डोळे पुसले आणि बटण दाबलं.

"हा टेक वाया गेला," तिचा आवाज खोलीत आला. "नाव पक्कं!"