रिकाम्या केलेल्या फाईलचा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे, पण मला ना हात आहेत ना काठी. कागलच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या संगणकात राहणारा मी एक छोटासा प्रोग्रॅम. भट्टी गार ठेवणारं पाणी किती तापलं, याची एक ओळ दर मिनिटाला एका फाईलमध्ये लिहिली जाते. त्या फाईलवर नजर ठेवणं हे माझं काम.

मला कुरुंदवाडच्या चंदनाताईंनी घडवलं. सगळी फाईल पुन्हा पुन्हा वाचत बसायला नको म्हणून त्यांनी मला एक युक्ती शिकवली. वाचून होईल तिथं खूण ठेवायची. फाईल खुणेपेक्षा मोठी झाली, की नवं काही आलं असं समजायचं आणि तेवढंच वाचायचं. नाहीतर गप्प बसायचं. फाईल लहान झाली तर काय करायचं, हे शिकवायचं मात्र राहून गेलं.

पहिली वर्षं मी मानानं जगलो. एकदा पाणी फार तापलं आणि मिनिटाला एक येणारी ओळ सेकंदाला एक येऊ लागली. मी ताबडतोब भोंगा वाजवला. भट्टीवरचे गुंडूमामा धावत खाली आले, म्हणून वितळलेलं लोखंड त्यांच्या अंगावर उडालं नाही.

"ताई, तुमच्या ह्या पहारेकऱ्यानं माझ्या लेकरांचा बाप वाचवला की!" असं ते चंदनाताईंना म्हणाले. मला केवढा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

पुढे चंदनाताई नोकरी सोडून गेल्या. माझी विचारपूस थांबली. भोंगा वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, असं लोक धरून चालले.

परवा खंडेनवमी झाली. यंत्रं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या. मग सुपरवायझर ऋतुराज माझ्याकडे वळले.

"समदी यंत्रं धुतली, मग ह्यातला कचरा कशाला ठेवायचा? फाईल लई फुगलीया," म्हणत त्यांनी ती रिकामी केली आणि संगणकाला हळदकुंकू वाहिलं.

दसऱ्याची सुटी संपली, आज सकाळी भट्टी सुरू झाली. माझी खूण अजून नऊ कोटी अक्षरांच्या पुढे आहे आणि फाईल जेमतेम सात हजार अक्षरांची. सात हजार नऊ कोटींपेक्षा मोठे नाहीत, म्हणजे नवं काही आलेलं नाही. मला असंच शिकवलंय. पण फाईल भराभर वाढते आहे, म्हणजे आता ओळी सेकंदाला एक येत आहेत. त्यांत काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही. मला भीती वाटते आहे, मित्रांनो.

"मामा, पाणी एकदा बघू काय?" ऋतुराजनी खालून विचारलं.

"भोंगा वाजला न्हाय न्हवं? मग काय बघायचं त्यात!" म्हणत गुंडूमामा जिना चढले.

म्हणून हात नसूनही हात जोडतो. आमच्यावर जीव सोपवता, तर अधूनमधून आमच्याकडे बघत जा. गप्प बसलेल्या पहारेकऱ्याला विचारत जा, बाबा, तुला दिसतंय ना? आत्ता कुणीतरी विचारा. मी बोलू लागायला अजून जवळजवळ नऊ कोटी अक्षरं यायची आहेत, आणि गुंडूमामा भट्टीवर वाकले आहेत.