भिंतीवरून येणारं ताट

दानीएल पुण्याहून बी. एस्सी. होऊन परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा काचेच्या नळ्या जास्त निघाल्या, असं त्याची आई कृपाबाई हसत सांगायची. सांगताना तिचा ऊर भरून येतो, हेही ऐकणाऱ्याला कळायचं. तिचा नवरा मिशनच्या शाळेत मास्तर होता; तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता मुलगा त्याच शाळेत शास्त्र शिकवू लागला, आणि रविवारच्या उपासनेनंतरचा तरुणांचा बायबलवर्गही पाळकसाहेबांनी त्याच्याच गळ्यात घातला.

वर्ग त्यानं आपल्या पद्धतीनं चालवला. लिटमसचा कागद डबीत ठेवून द्रव आम्ल आहे की नाही हे कळत नाही, कागद बुडवावा लागतो. वचनाचंही तसंच, असं तो म्हणे. नुसतं पाठ करून काय उपयोग? आठवडाभर त्याप्रमाणे वागून बघा आणि पुढच्या रविवारी काय झालं ते सांगा. पोरांना ही पद्धत आवडली. तुमचं 'हो' ते हो असावं आणि 'नाही' ते नाही, या वचनाच्या आठवड्यात गिरणीत कारकुनी करणाऱ्या मानसिंगनं, उशीर का झाला असं साहेबानं विचारल्यावर 'झोपलो होतो' म्हणून खरं सांगितलं आणि दंड भरला. "वचन खरं हाय, सर," त्यानं रविवारी उभं राहून सांगितलं होतं, "पन गिरनीत त्याला जागा न्हाय."

संक्रांत जवळ आली. सिद्धेश्वराच्या यात्रेची दुकानं लागायला लागली, गावात जिकडेतिकडे तीळ-शेंगा भाजल्याचा वास सुटला, आणि दानीएलनं वर्गासाठी पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला भाग निवडला. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाचं काय करायचं, हा तिथला प्रश्न. पौलानं दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या आहेत. कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, विवेकापायी चौकशी करत बसू नका. पण कुणी आपण होऊन सांगितलं की हे देवापुढे ठेवलेलं आहे, तर मात्र खाऊ नका.

दानीएलला यातली दुसरी गोष्ट स्पष्ट वाटली आणि पहिली अडचणीची. चौकशी करू नका, हे त्याच्या मनाला पटेना. एखादी गोष्ट आहे की नाही हे विचारल्यानं कळत असेल, तर न विचारणं हा प्रामाणिकपणा कसा? प्रयोगशाळेत कुणी डोळे मिटून आकडा लिहिला तर आपण त्याला काय म्हणतो? तेव्हा त्यानं वर्गात पहिल्या गोष्टीवरून चटकन पुढं जाऊन दुसरीवर भर दिला.

मानसिंगनं हात वर केला. "सर, तुमच्याकडं दर संक्रांतीला भितीवरनं ताट येतंय की."

पोरं हसली.

"हसताय काय? मी सोता खाल्लीया गेल्या साली. शेंगपोळी. लई ग्वाड. मी न्हाय इचारलं, सरांनीबी न्हाय इचारलं. दोगंबी पास."

दानीएलही हसला, पण घरापर्यंत ते हसू टिकलं नाही.

सात रस्त्याच्या अलीकडच्या बोळात त्यांचं घर होतं. मागच्या अंगणात छातीएवढी मातीची भिंत, आणि भिंतीपलीकडे शेंगांच्या अडत्याचं, चनमल्लप्पाचं घर. चनमल्लप्पाची बायको निंगव्वा आणि कृपाबाई यांची मैत्री त्या भिंतीवरच वाढली होती. एकीला मूल झालं तेव्हा दुसरीनं धुणं वाळत घातलं, दुसरीचा नवरा गेला तेव्हा पहिलीनं तिच्याकडचं पाणी भरलं. निंगव्वाच्या घरी रीतभात कडक. कृपाबाईच्या हातचं शिजवलेलं तिकडे चालत नसे, म्हणून नाताळात ती गूळ, खोबरं, कोरडे खजूर असं पाठवी. तिकडून मात्र संक्रांतीला पळसाच्या पानानं झाकलेलं पितळी ताट यायचं. कृपाबाई पोळ्या काढून घेई, ताट घासून पुसून त्यात मूठभर साखर टाकी आणि परत देई. ताट रिकामं जाऊ नये, एवढा एक नियम दोघींनीही पाळला होता.

संक्रांतीच्या सकाळी दानीएल अंगणात दाढी करत होता. भिंतीपलीकडे निंगव्वाची कानानं जरा मंद असलेली सासू उन्हाला बसून वाती वळत होती. निंगव्वा आली, इकडेतिकडे पाहून तिनं ताट भिंतीवर ठेवलं आणि हळूच हाक मारली, "मास्तरीणबाई."

कृपाबाई पदराला हात पुसत आली. ताटाला तिचा हात लागायच्या आतच दानीएल वस्तरा ठेवून पुढं झाला.

"निंगव्वा, एक विचारू का? हे देवाला दाखवलंय?"

त्यानं अगदी आदरानं विचारलं होतं. आवाज मात्र वर्गात शिकवायचा होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

निंगव्वानं कृपाबाईकडं पाहिलं.

"दानू, आत जा," कृपाबाई म्हणाली.

"आई, मी नुसतं विचारतोय. नसेल दाखवलं तर प्रश्नच नाही."

"आत जा म्हटलं ना."

पलीकडं सासूचे हात थांबले. "येनु? काय इचारतंय मास्तराचं पोरगं?"

"काय न्हाय, अव्वा."

"काय न्हाय कसं? द्येवाचं म्हनला न्हवं त्यो? द्येवाच्या आदी का मागनं, त्येच इचारतोय की."

निंगव्वानं पुन्हा एकदा कृपाबाईकडं पाहिलं, मग दानीएलकडं. "व्हय," ती म्हणाली. "दाखवलंय."

पुढचं वाक्य दानीएलनं रविवारपासून तयार ठेवलं होतं. कुणाचं मन दुखावू नये म्हणून त्यानं ते फार विचार करून बेतलं होतं. "तुमची माया आम्हाला ठाऊक आहे, निंगव्वा. राग मानू नका, पण मग आम्हाला हे खाता येणार नाही." त्यानं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्या हातात परत दिलं.

"द्येवाचं नको म्हनतो," सासू म्हणाली. ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. "बरं झालं बोलला. आन ती पोळी सैपाकघरात न्हिऊ नगंस. म्हशीला घाल. ताट चिंच लावून घास."

निंगव्वा ताट घेऊन गोठ्याकडे गेली.

दानीएलनं आरशात पाहून राहिलेला गाल उरकला. त्याला वाईट वाटत होतं. पण पेपर अवघड गेला तरी उत्तर बरोबर आल्यावर वाटावं, तसं काहीसं समाधानही आत कुठेतरी होतं. तोंड पुसत तो स्वयंपाकघरात आला. आई चुलीपुढं बसली होती. चूल पेटलेली नव्हती.

"आई, त्यांनी स्वतःच सांगितलं. आता मी काय करणार?"

कृपाबाईनं हात वर करून त्याला गप्प केलं. भिंतीपलीकडून चनमल्लप्पाचा खणखणीत आवाज आला, मग घंटा वाजू लागली. कापराचा वास खिडकीतून आत आला. घंटा बराच वेळ वाजत राहिली.

"आता," कृपाबाई म्हणाली. "आता दाखवतायत नैवेद्य."

दानीएल उभाच राहिला. "म्हणजे ते ताट..."

"ते आधीचं होतं. घरातली घंटा म्हातारीला अंगणात ऐकू येत नाही, म्हणून निभावलं."

"मग त्या खोटं का बोलल्या?"

"तू शिकलेला आहेस ना? कर विचार."

त्यानं विचार केला. फार वेळ लागला नाही, आणि जसजसं कळत गेलं तसतसे त्याचे कान तापत गेले.

"तुझे वडील गेले त्या साली," कृपाबाई सांगू लागली, "ताट आलं ते मी घेतलं आणि भिकाऱ्याला दिलं. निंगव्वानं पाहिलं. का म्हणून विचारलं तर मी खरं सांगितलं, नैवेद्याचं आम्हाला चालत नाही. पुढच्या संक्रांतीला ताट ठेवताना ती कानात म्हणाली, 'तव्यावरची पैली हाय, बाई. द्येवाच्या आदीची.' मी तसं कर म्हणून सांगितलं नव्हतं. त्यांच्यात देवाच्या आधी चिमूटभरही कुणी चाखत नाही, लेकरू रडलं तरी देत नाहीत. आणि ही दर वर्षी सासूच्या नकळत पहिल्या पोळ्या आपल्यासाठी काढते. तिनं तिचा देव थांबवून ठेवला रे, माझ्यासाठी. तुझ्यासाठी."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगायची गोष्ट तिची होती. माझी नव्हती."

ती 'नाही' म्हणाली असती तर सासूपुढं काय झालं असतं, हे आता दानीएलला दिसत होतं. 'हो' म्हणाली, तर जे झालं ते झालं. तिनं क्षणभरात दोन्ही पारडी पाहिली होती. आणि त्याला वाटलं होतं, हिला प्रश्न समजला नाही म्हणून उत्तराला वेळ लागतोय.

"मी जातो. माफी मागतो."

"जा की. काय म्हणशील?"

तो दारापर्यंत गेला आणि थांबला. दारात सासू भेटणार, चनमल्लप्पा भेटणार. तुमची पोळी देवाची नव्हती हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचं? वेदीवर अर्पण वाहायला निघालास आणि भावाचं काही तुझ्याविरुद्ध आहे असं आठवलं, तर आधी जाऊन समेट कर, हे वचन त्याच्या वर्गानं पावसाळ्यात करून पाहिलं होतं. पोरांनी भराभर जाऊन रुसलेले चुलते आणि मित्र मनवून आणले होते. त्या सगळ्यांच्या माफीला शब्द होते. त्याच्याजवळ जे शब्द होते, त्यांतला एकही निंगव्वाला घरात मान वर करू देणारा नव्हता.

रविवारी वर्गात तो पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. चनमल्लप्पाच्या म्हातारीनंच ती आळीभर केली होती, आणि तिच्या तक्रारीचं इथं येईपर्यंत कौतुक झालं होतं.

"सरांनी ताट परत दिलं," एकजण म्हणाला. "तोंडावर."

"सांगा की, सर, कसं काय झालं."

"सांगण्यासारखं काही नाही."

"आसं कसं? आमाला दर आटवड्याला उबं करताय."

दानीएल उभा राहिला. खरं सांगावं तर संध्याकाळपर्यंत ते भिंतीपलीकडं सासूपर्यंत पोचेल. न सांगावं तर ही पोरं उद्या आपापल्या शेजारणींना विचारायला लागतील. शेवटी तो म्हणाला, "मी चुकलो. वचनात विचारू नका असं होतं, आणि मी विचारलं."

"पन त्येनी खरं सांगितलं म्हनूनच कळलं न्हवं?" मानसिंग म्हणाला. "इचारलं न्हाई तर कळनार कसं?"

हे त्याचंच म्हणणं होतं. दानीएलकडे त्यावर उत्तर होतं, पण ते देता येत नव्हतं. "ते मी तुम्हाला सांगू शकत नाही," तो म्हणाला. पोरं एकमेकांकडं पाहू लागली. सर नम्रतेनं बोलतायत, असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि उठताना दोघा-तिघांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला.

भिंत होती तिथंच राहिली. कृपाबाई पूर्वीच्याच वेळेला अंगणात जाऊन धुणं वाळत घाली. पलीकडेही बांगड्या वाजत. कधी दोघी बोलत, पाणी आलं का, ऊन केवढं वाढलंय, एवढंच. दोघी भिंतीपाशी आल्या की सासूही आता अंगणात येऊन बसे. नागपंचमी गेली, दिवाळी गेली. नाताळात कृपाबाईनं सुपात गूळ-खोबरं भरलं, भिंतीपाशी नेलं आणि तसंच परत आणलं. न्यायचं असेल तर मी समोरच्या दारानं नेतो, असं दानीएल म्हणाला. ती म्हणाली, "नको. तिला ते परत पाठवावं लागेल."

त्याच हिवाळ्यात कृपाबाईला खोकला लागला आणि तो काही जाईना.

एका संध्याकाळी शाळेतून येताना दानीएलला सात रस्त्यापाशी निंगव्वा भेटली. काखेत भाजीची पाटी होती. सोबत कुणी नव्हतं. अशी एकटी ती त्याला वर्षभरात भेटली नव्हती. तो पुढं झाला.

"निंगव्वा, त्या दिवशी मी..."

"शाळा सुटली व्हय?" ती म्हणाली.

"हो. त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. आईनं मागून..."

"आईचा खोकला थांबला न्हाय आजून." तिनं पाटी सावरली. "पाटंला ऐकू येतोय मला. भितीला डोकं लावून झोपती काय ती?"

"हो. मागच्या खोलीत त्याच बाजूला असते तिची खाट."

"छातीत हाय त्यो. डाक्टरच्या गोळीनं जात न्हाय. आडुळसा, जेष्टमद, खडीसाखर घालून काढा लागतोय त्येला. दोन दिस मी करून दिला आसता तर..." ती थांबली.

"मी येऊन घेऊन जातो. दाराशी येतो."

"दारात म्हातारी बसतीया."

"मग अडतीवर येतो. चनमल्लप्पांकडं ठेवा."

निंगव्वानं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. लहानपणी भिंतीवर चढून तो पडला होता तेव्हा जसं पाहिलं असेल, तसं. "नवऱ्याला काय सांगू, दानू? कुनासाठी म्हनून?" मग तीच म्हणाली, "आडुळसा तळ्याच्या बाजूला मिळतोय. पाणी निम्मं आटवाय सांग. गरम गरमच घ्यावं. आन खाट भितीपासनं लांब सरकव म्हनावं, भित गार आसती."

ती निघाली. एक टांगा मधून गेला, आणि मग गर्दीत ती दिसेनाशी झाली.

तळ्यावरून जाऊन घरी आल्यावर त्यानं अडुळशाचा पाला आईपुढं ठेवला आणि काढ्याची कृती सांगितली. कृपाबाईनं एक पान चुरगळून वास घेतला.

"कुणी सांगितलं?"

"निंगव्वानं. रस्त्यात भेटल्या. खाटही भिंतीपासून हलव म्हणाल्या."

कृपाबाई बराच वेळ पानं निवडत राहिली. "तू तिला काही विचारलंस का?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि पातेल्यात पाणी ओतलं. काढा झाला, तिनं घेतला. खाट मात्र तिनं हलवू दिली नाही.