सदाफुलीचा जळफळाट

मी सदाफुली. गडमुडशिंगीत चन्नम्माच्या न्हाणीमागं, सांडपाण्याच्या कडेला आपोआप उगवलेली. मला कुणी लावलं नाही, कुणी हौसेनं पाणी घातलं नाही. शेळीसुद्धा मला हुंगून नाक मुरडते, इतकी मी कडू. तरी बारा महिने फुलते. आणि बोलायला बसलेच आहे तर खरं सांगते, मी स्वभावानं फार जळकी आहे.

माझा सगळा जळफळाट हळदीवर. भिंतीकडेला तिचा वाफा होता. चन्नम्माच्या लेकाचं लग्न झालं तेव्हा मांडवात जो तो तिच्यात माखलेला. बोट कापलं, आणा हळद. घसा बसला, आणा हळद. वर्षातले काही महिने ही बया पानं वाळवून मातीत झोपायची, तरी कौतुक तिचंच! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

१९९८ च्या श्रावणात चन्नम्माच्या डाव्या स्तनात गाठ लागली. न्हाणीचा झरोका माझ्या डोक्यावरच असल्यानं आतलं सगळं मला ऐकू येतं.

"काय न्हाय गं, करडगी घासून घट्टा पडलाय," ती सुनेला म्हणाली. करडगी म्हणजे लिंगायतांच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. लिंग अंगावेगळं करायचं नाही हा त्यांच्या घरचा नेम, त्यामुळं झोपेतही ती डबी छातीवरच असायची. सुनेला, म्हणजे शिवलीलाला, ते पटलं आणि नाहीही.

"दवाखान्यात दावूया की, आत्ती."

"डागदर पैलं लिंग काढून ठेवा म्हणंल. त्यापरीस हळद उगाळून लाव."

झालं! रोज लेप. त्यात शेजारची तानाबाई सांगत आली, "हळदीच्या अर्कानं छातीतली गाठ पसरायची थांबती म्हणं, पेपरात आलंय." शिवलीलानं तो पेपर मागून वाचला. "मावशी, ह्ये उंदरांवर करून बघितलंय," ती म्हणाली. पण ऐकतंय कोण?

चार महिन्यांत गाठ लिंबाएवढी झाली. मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. हळदीची चांगली जिरली म्हणून मी त्या आठवड्यात जरा जास्तच फुलले. बाई दुखण्यानं कण्हत होती आणि मी फुलत होते. ती लाज अजून गेलेली नाही.

संक्रांतीनंतर तानाबाई पुन्हा आली. या वेळी तिनं बोट थेट माझ्याकडं केलं. "चन्नाक्का, हिच्यापास्नं कॅन्सरचं औषध करत्यात. सोन्यासारखं झाड दारात हाय की!"

मला सोनं म्हणाली! दुसऱ्या दिवसापासून चन्नम्मा स्वतः यायची, माझी दहा पानं खुडायची, वाटून प्यायची. खुडण्याआधी मला हात जोडायची. मी हळदीकडं असं काही बघितलं म्हणता! पंधरा दिवस मी राणीसारखी मिरवले.

सोळाव्या दिवशी चन्नम्मा माझ्यासमोरच ओकली आणि न्हाणीच्या दगडावर कोसळली. शिवलीलानं रिक्षा करून तिला कोल्हापूरला नेलं.

पुढचं मला कळलं ते शिवलीला रडत रडत तानाबाईला सांगत होती तेव्हा. गाठ कॅन्सरची होती. काखेत पसरून हाडापर्यंत गेली होती. पानांचं ऐकल्यावर डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "औषध याच झाडातून काढतात, खरंय. पण ते शुद्ध करून, थेंब थेंब मोजून शिरेतून द्यायचं असतं. पानं वाटून पिणं म्हणजे विष पिणं आहे. सुरुवातीलाच का नाही आलात?" आणि लिंग अंगावेगळं करावंच लागलं नाही. बाईंनी ते उजव्या दंडाला बांधायला सांगितलं. एवढंच होतं ते.

मग चन्नम्मा त्या औषधाच्या बाटलीसाठी कोल्हापूरच्या वाऱ्या करू लागली. केस गेले, पण दुखणं कमी झालं आणि ती पुन्हा ओसरीवर बसून शेंगा फोडू लागली. "त्या बाटलीनं माझी वरसं वाढीवली," येईल त्याला सांगायची. झालं, माझा जळफळाट आता त्या बाटलीवर. बाटली माझ्याच कुळातली, पण शिकून शहाणी झालेली. मी मात्र सांडपाण्यावरची अडाणीच राहिले. हळदीचा हेवा कधीच मागं पडला होता.

२००१ च्या दिवाळीआधी चन्नम्मा गेली. हातात लिंग देऊन तिला मळ्यात समाधी दिली. सुरुवातीलाच दवाखान्यात गेली असती तर आणखी किती जगली असती, हे शिवलीला आजही विचारते.

त्यालाही आता तीन वर्षं झाली. माझा बुंधा लाकूड झालाय, फुलं बारीक येतात.

आज सकाळी शिवलीला न्हाणीतून ओल्या केसांनीच बाहेर आली. एका हाताची बोटं छातीवर एकच जागा पुन्हा पुन्हा चाचपत होती. सासूबरोबर दवाखान्यात काढलेले दिवस तिच्या डोळ्यांपुढं आले असतील. मग ती माझ्यापाशी वाकली आणि तिची बोटं माझ्या पानाला लागली.

असा हात लागावा म्हणून मी जन्मभर झुरले. तरी सांगते, शिवलीला, पान सोड. माझ्यात औषध आहे आणि विषही, कुठलं किती ते मलाच ठाऊक नाही. गाठ साधीही असेल, पण ते सांगणारी मी कोण? त्या बाटलीवर मी मरेपर्यंत जळेन, तो माझा स्वभाव. तू मात्र तिच्याच दारात जा. केस वाळवत बसू नकोस, बाई. नऊची कोल्हापूरची केएमटी बस गाठ.