शिफ्ट चुकली

सोजराबाईची जीभ भोसरीत कुणाला भ्यायची नाही. पण पुण्याच्या एका संस्थेनं तिच्या महिला मंडळाला छोटंसं अनुदान दिलं, बायकांना दिवस राहण्याबद्दल आणि बाळंतपणांतल्या अंतराबद्दल समजावण्याचं काम अंगावर आलं, तेव्हा तिचीही पंचाईत झाली. आणीबाणीतल्या नसबंदीच्या सक्तीला जेमतेम दोन वर्षं उलटली होती. विषय निघाला की पुरुष अंगावर यायचे. मग बाईनं शक्कल काढली. विहाराच्या ओट्यावर जमलेल्या बायकांना ती म्हणाली, "पाळी चुकली तर मला निरोप धाडायचा, 'शिफ्ट चुकली'. कारखान्याच्या वस्तीत कुणाच्या बापाला संशय येनार न्हाई!" बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सोजराबाई स्वतःवर बेहद्द खूश झाली.

तिचा खरा जीव अडकला होता तो मंडळातल्या कस्तुरात. तिसऱ्या खेपेला ही पोर मरता मरता वाचली होती. अंगात रक्त नाही, पुन्हा दिवस गेले तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. थोडं रक्त वाढलं की तांबी बसवायची ठरली होती.

"आठ दिवस जरी वर गेले तरी निरोप धाड," सोजराबाईनं तिला निक्षून सांगितलं. "लवकर कळलं तर दवाखान्यात मोकळं करता येतं."

तेवढ्यात कस्तुराच्या सासूचा पाय मोडला आणि सेवेला तिला पुनावळ्याला जावं लागलं. नवरा किसन तिथूनच सायकलवर भोसरीच्या कारखान्यात यायचा. निरोप काही आला नाही. निरोप नाही म्हणजे सगळं ठीक, असं सोजराबाई धरून चालली.

पाच महिन्यांनी किसन बायकोला घेऊन परतला, तेव्हा तिचं पोट चांगलंच दिसत होतं. ओठ पांढरेफटक, पाय सुजलेले.

"अगं, निरोप का न्हाई धाडलास?"

"धाडला व्हता की, ह्यांच्याकडं! तुमी बघते म्हनालात, म्हनून मी वाट बघत बसले."

सोजराबाईनं किसनकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"त्या आठवड्यात माझीच शिफ्ट चुकली व्हती, बाई. मला वाटलं, ही तुमच्याकडं माझी कागाळी करतीय. लई राग आला. हिनं इचारलं तवा दिली थाप, बाई बघते म्हनाल्या म्हनून."

तिघं तसेच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी कस्तुराला तपासलं आणि कपाळाला हात लावला. आता मोकळं करण्यातही जिवाला धोका, आणि दिवस भरू देण्यातही. गोळ्या लिहून दिल्या, रक्त देणारी माणसं तयार ठेवा म्हणाल्या. दुसरं काही त्यांच्याही हातात नव्हतं.

बाहेर आल्यावर किसनचा आवाज चढला. "बाई, एवढं व्हतं तर मला सरळ सांगायचं! मी काय हिच्या जिवावर उठलोय? त्याच दिवशी सायकलवर बसवून आनली असती."

सगळ्या पुरुषांना सोजराबाईनं एकाच मापानं मोजलं होतं, एकालाही विचारून पाहिलं नव्हतं.

बाकावर टेकलेल्या कस्तुरानं तिचा हात धरला. "बाई, तुमी शिकवलं तसंच बोलले व्हते मी. माझं काय चुकलं न्हाई ना?"

"न्हाई गं. तुझं काय बी चुकलं न्हाई," सोजराबाई म्हणाली, आणि तिच्या पायांजवळ खाली बसली.