दहा फुल्या

दोन्या ओतिलियाने पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि निबाल्दोच्या वहीतल्या एका टिंबावर फुली मारली. मग पुढच्या पानावर दुसरी. एका पानावर एकच, आणि तीही मधोमध, जिथे माणसाची नजर ढिली पडते. पाच झाल्या तशी तिने ते पाच आकडे कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे उतरवले, वही होती तशी तिरकी ठेवली आणि वर कंगवा ठेवला, दात भिंतीकडे करून.

निबाल्दो पाव आणायला गेला होता. कोपऱ्यावरच्या बेकरीत मंगळवारी रांग असते. म्हणून तर तिने त्यालाच पाठवलं होतं.

मागची ही खोली त्याला भाड्याने देऊन तीन महिने झाले होते. माणूस देशाच्या दक्षिणेचा, पावसाळी मुलखातला. फ्रिज उघडण्याआधीसुद्धा ‘दोन्या’ अशी मानाची हाक मारून ‘उघडू ना?’ म्हणून विचारायचा. एवढी अदब कुणी फुकट दाखवत नाही, असं ओतिलियाचं पहिल्या दिवसापासूनचं मत होतं. त्यात महिन्याभरापूर्वी तिने त्याला स्वयंपाकघरात गाठला होता: नात यानिरा न्हायला गेलेली, तिचा कॉम्प्युटर टेबलावर उघडा, आणि हा शेजारी उभा. साखर शोधतोय म्हणाला. चहा बिनसाखरेचा पिणारा माणूस.

स्वयंपाकघरात नातीची वही खिडकीजवळ पडली होती. नात अंगणात कपडे वाळत घालत होती. ओतिलियाचा हात इथे जरा थांबला. पण रीत ती रीत. एल्की खोऱ्यातल्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तिने एकतीस वर्षं काढली होती, त्यातली बावीस मुकादमीण म्हणून. शाळेत तीनच काढली, पण ते कुणी विचारत नसे. एका टेबलावरच्या दोन बायांच्या पेट्या फार सारख्या दिसू लागल्या, की एक बाई घड बघून निवडतेय आणि दुसरी नुसती तिच्या हाताकडे बघून, हे ती ओळखायची. मग कोण कुणाचं बघतेय ते पकडायला खुणेचे घड टाकायचे, आणि टाकायचे ते दोघींच्या क्रेटमध्ये. एकीच्याच क्रेटमध्ये टाकले तर ती चौकशी होत नाही, ते वैर होतं.

तिने नातीच्या वहीतही पाच फुल्या मारल्या आणि ते आकडे आधीच्या ओळीच्या वर लिहिले.

भानगड सुरू झाली होती गेल्या शुक्रवारी. दक्षिणेच्या आकाशात धुळीचा एक अवाढव्य ढग आहे आणि त्याच्या पोटात तारे जन्माला येतात, त्या बाळताऱ्यांची यादी करणं हे यानिराचं आणि निबाल्दोचं काम. धूळ इतकी दाट की साध्या डोळ्याला आतलं काही दिसत नाही. पण डोळ्याला न दिसणारा एक उष्णतेचा उजेड धुळीतून बाहेर झिरपतो, आणि डोंगरावरच्या एका दुर्बिणीने त्या उजेडात त्या ढगाचे वर्षानुवर्षं फोटो काढून ठेवले होते. बाळतारा धुळीत गुरफटलेला असतो, म्हणून फोटोत लालभडक येतो. अडचण एवढीच, की मरायला टेकलेला म्हातारा ताराही स्वतःचीच धूळ अंगावर ओढून घेतो आणि तसाच लाल दिसतो.

“म्हणजे म्हाताऱ्या बाया रंग फासून बारशाला आल्या,” ओतिलिया पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती.

“अगदी तसंच, दोन्या,” निबाल्दो म्हणाला होता. “पण म्हातारी तालात फुगते नि तालात ओसरते. बाळ कधी भडकतं, कधी झोपतं. त्याला ताल नसतो.”

मशीनने निवडून पाखडून बाराशे तारे उरवले होते. ते दोघांनी डोळ्यांनी बघायचे, एकमेकांना न सांगता. बाळ वाटलं तर टिंब, म्हातारा वाटला तर फुली. कॉम्प्युटरवर केलेल्या पहिल्या सहाशेंत दोघांचं फक्त चार ठिकाणी जमलं नाही. ला सेरेनाच्या विद्यापीठातल्या त्यांच्या प्रमुख, डॉक्टर इतुर्राबाई, खूश व्हायच्या ऐवजी भडकल्या. दोन माणसांचे डोळे इतके जुळत नसतात. सहाशेंत पन्नास-साठ भांडणं व्हायलाच हवीत. कुणीतरी कुणाचं तरी उतरवलंय. उरलेले सहाशे वहीत करा, पेन्सिलीने. यानिराने सहाशे एकपासून वर जायचं, निबाल्दोने बाराशेपासून खाली यायचं. शनिवारी बारा वाजता मी फोन करीन. ज्याने उतरवलं असेल त्याचं नाव कामावरून जाईल.

उतरवणारा कोण, याबद्दल ओतिलियाच्या मनात काडीची शंका नव्हती. फक्त पुरावा हवा होता.

संध्याकाळी चहाला तिघं बसली. निबाल्दोने पाव कापडात गुंडाळून टेबलावर ठेवला.

“अहो साहेब, पाव आणायला गेला होतात की गहू पेरायला?”

“रांग होती, दोन्या.”

“रांगेत गप्प उभे राहिला असाल. आमच्या विकुन्यात तोंड उघडल्याशिवाय पाव मिळत नाही.”

यानिरा पावावर पाल्ता, म्हणजे अव्होकाडो, चेचत होती. चेचून झालं तरी चेचतच होती. तिचे डोळे सुजले होते.

“कुठवर आलं गं?”

“आठशे झाले.”

“मी बाराशेवरून उतरत नऊशे चाळीसवर आलोय,” निबाल्दो म्हणाला. “काल दुपारभर एकाच ताऱ्यावर अडकलो. चारदा खोडलं.”

“चारदा? माझ्या पॅकहाउसमध्ये चारदा हाताळलेल्या घडाचे बेदाणे व्हायचे.” ओतिलियाने नातीच्या पाठीवर हात ठेवला. “आमची यानिरा एकदा बघते नि सांगते. लहानपणापासून नजर तशी. सहा वर्षांची होती, क्रेटमधला किडका मणी लांबून दाखवायची. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.”

“आजी, पुरे.”

“का पुरे? खोटं आहे?”

निबाल्दो कपात बघून हसला आणि कप घेऊन आपल्या खोलीकडे गेला. दार लागल्याचा आवाज आल्यावर यानिरा हळू म्हणाली, “शनिवारी बाई तुझ्याशीही बोलतील. तू त्याला माझ्या कॉम्प्युटरजवळ बघितलंयस ना? तेवढंच सांग.”

“तेवढंच का, आणखीही सांगीन. मग त्याचं काय होईल?”

“त्याला काय, दुसरं काम मिळेल.” यानिरा उठली आणि आधीच धुतलेला एक कप पुन्हा धुऊ लागली.

शुक्रवारी दुपारी दोन्ही वह्या स्वयंपाकघराच्या टेबलावर येऊन पडल्या. यानिरा बाजारात गेली होती. निबाल्दो मागच्या अंगणात काहीतरी ठोकत होता. ओतिलियाने एप्रनला हात पुसले, चष्मा लावला, कॅलेंडरचं पान उलगडलं.

आधी तिने नातीच्या वहीतले पाच आकडे निबाल्दोच्या वहीत शोधले. सहाशे सतरा, टिंब. सहाशे चौसष्ट, टिंब. पाचही ठिकाणी टिंबच. तिने मारलेली एकही फुली तिकडे गेली नव्हती.

“बेरका आहे,” ती स्वतःशी पुटपुटली. “वास लागला असणार.”

दुसरी ओळ तिने बघितली ती केवळ रीत म्हणून. पान अर्धं दुमडून ठेवलंही होतं, ते पुन्हा उघडलं. एक हजार अठ्ठावीस. नातीच्या वहीत फुली. तिने चष्मा काढून पुसला. एक हजार एक्काहत्तर, फुली. अकराशे दोन. अकराशे त्रेचाळीस. अकराशे नव्वद. निबाल्दोच्या वहीत तिने स्वतःच्या हाताने मारलेल्या पाच फुल्या, आता नातीच्या वहीत, नातीच्या हातच्या, ठसठशीत.

मग ओतिलियाने निबाल्दोची वही ओढली. त्या पाच जागी कागद घासून पातळ झाला होता. फुली नंतर कधीतरी पुसलेली होती आणि तिथे पुन्हा टिंब बसवलं होतं.

पॅकहाउसमध्ये सुट्टीच्या घंटेला ती दारात उभी राहून बायांचे हात बघायची. ज्या बाईने खरंच घड बघितले तिची बोटं चिकट असायची. निबाल्दोची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत खोडरबराने मळलेली होती. यानिराची आठशेपर्यंत तशीच होती, खाडाखोड, अंगठ्याचे डाग. आठशे एकपासून पानं चर्चमधल्या वेदीवरच्या कापडासारखी कोरी करकरीत. कालच ती पानं चाळून ओतिलियाने मनात म्हटलं होतं, काय हात आहे पोरीचा.

पकडलेल्या बाईला ती कधी घरी पाठवत नसे. खिडकीजवळ एक खुर्ची होती, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. तिथे बसून सगळ्या पेट्या उलटायच्या आणि पुन्हा निवडायच्या. ओतिलियाने आपल्या सख्ख्या बहिणीलाही तिथे बसवलं होतं. बहीण अकरा वर्षं बोलली नाही.

“दोन्या, साखर घेऊ?”

निबाल्दो दारात होता. हातात एक बाटली, तिला लाल फीत बांधलेली.

“बिनसाखरेचा चहा सोडलात वाटतं.”

“मला नको. पिकाफ्लोरला.” त्याने हनुवटीने मागच्या खिडकीकडे दाखवलं. तिथे खिळ्याला तार बांधलेली होती आणि अंगठ्याएवढा पक्षी हवेतच उभा राहून वाट बघत होता. “आलो तेव्हापासून येतोय. आज खिळा निघाला होता.”

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.” त्याने साखर पाण्यात ओतली, बाटली हलवली. त्याची नजर टेबलावरच्या कॅलेंडरच्या पानावरून गेली आणि परत बाटलीवर आली. “माझ्या वहीत पाच फुल्या होत्या. मऊ पेन्सिलीच्या. मी कडक वापरतो.”

“मग?”

“मग ते पाच तारे पुन्हा बघितले. बाळंच होती.”

“कोणी मारल्या, ते विचारावंसं वाटलं नाही?”

“ज्याने मारल्या, त्याला बघायचं ते दिसलं असेल,” निबाल्दो म्हणाला. “जाऊ ना?”

तो गेला. ओतिलियाने पान चार घड्या करून एप्रनच्या खिशात घातलं. त्या रात्री जेवताना ती एकही टोमणा मारू शकली नाही, आणि यानिराने दोनदा विचारलं, बरं नाही का.

शनिवारी बाराला पाच कमी असताना फोन वाजला. यानिरा टेबलाशी भोपळा चिरत होती. तिने सुरी ठेवली आणि आजीकडे बघितलं.

“दोन्या ओतिलिया?” इतुर्राबाईंचा आवाज कोरडा होता. “आधी तुमच्याशीच बोलते. निबाल्दो यानिराच्या कॉम्प्युटरजवळ होता, तुम्ही बघितलंत म्हणे.”

“बघितलं.”

यानिराने सोडलेला श्वास ओतिलियाला ऐकू आला.

“काय करत होता?”

“साखर शोधत होता.”

“साखर?”

“एक पाखरू येतं, त्याच्यासाठी. नंतर मीही बघितलं.” ओतिलियाने फोन दुसऱ्या कानाला लावला. “बाई, मी शिकलेली नाही. ताऱ्यातलं मला कळत नाही, पेट्यांतलं कळतं. जरा थांबा. जिला सांगायचंय ती सांगेल.”

तिने फोन मेणकापडावर ठेवला. खिशातलं पान काढलं, चारही घड्या उलगडल्या आणि भोपळ्याच्या फोडी बाजूला सारून नातीसमोर पसरलं. दोन ओळी, पाच-पाच आकडे.

यानिराने पहिली ओळ वाचली. दुसऱ्या ओळीवर तिचं बोट आलं आणि पहिल्याच आकड्यावर थांबलं. वही शेजारीच होती. तिने ती उघडली नाही.

“तू मारल्यास,” ती म्हणाली.

“मी मारल्या.”

“मला दोन-दोनदा बघूनही कळत नाही, आजी.” आवाज इतका खाली गेला होता, की फोनमध्ये ऐकू जाणं शक्य नव्हतं. “कधी बाळ वाटतं, कधी म्हातारा. आणि तू सगळ्या गल्लीला सांगत सुटलीस, यानिरा एकदा बघते.”

ओतिलिया उठली, टेबलाजवळची एक खुर्ची खिडकीशी ओढून नेली आणि एप्रनने तिची बैठक पुसली. रस्त्यावरून शेजारीण पाण्याचा कॅन घेऊन चालली होती. तिने आत बघून हात हलवला.

यानिरा त्या खुर्चीकडे बघत राहिली. आजीच्या बहिणीची गोष्ट तिला लहानपणापासून माहीत होती.

मग ओतिलिया स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला गेली, फळीखालचं आपलं स्टूल उचललं आणि ते घासत आणून त्या खुर्चीला लागून ठेवलं, खिडकीच्या उजेडात, रस्त्यावरून दोन्ही दिसतील असं. त्यावर स्वतः बसली. खिशातून खोडरबर काढून तिने फोनशेजारी ठेवला.

“बाई थांबल्यात,” ती म्हणाली. “आधी त्यांना सांग. मग आठशे एकपासून पुन्हा.”

यानिराने भोपळ्याने ओले झालेले हात फ्रॉकला पुसले आणि फोन उचलला.