टाकीतली वीज

श्रीधर सरांचं नाव काढलं की अजूनही माझं डोकं फिरतं.

कुहीजवळच्या आमच्या गावात त्यांच्या कंपनीने सोलरचा प्लांट उभारला आणि सरांनी मला, रुपरावांच्या वैभवीला, सगळं काम शिकवून ऑपरेटर केलं. दुपारी ऊन उतू जातं, तेव्हाच्या जादा विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, टाकीत साठवायचा आणि दिवेलागणीला त्याचीच पुन्हा वीज करायची. आमच्याकडे लाइन नेमकी सातला जाते, ती दहाला येते. "तुझ्या गावात आता संध्याकाळी अंधार नाही," सर म्हणाले. मी भाबडी, गावभर तेच सांगत सुटले. पाणी हवं होतं, तर बाबांनी आमच्या विहिरीचं दिलं.

अख्खा उन्हाळा मी टाकी भरली. सातचा अंधार काही हटला नाही. विचारलं की सर म्हणत, "टेस्टिंग सुरू आहे." परवा भरदुपारी गेटवर ट्रक लागला, नळी जोडली गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत टाकीचा काटा खाली आला. गॅस नागपूरकडच्या एका कारखान्याला चालला होता.

"सर, हा तर गावाचा ना?"

त्यांनी शांतपणे ग्रामसभेच्या ठरावाची झेरॉक्स पुढे केली. 'गावाला संध्याकाळची वीज नको. गॅस कंपनीने विकावा.' खाली सगळ्या गावाच्या सह्या. पहिली माझी.

आमच्याकडे ग्रामसभेच्या रजिस्टरात आधी हजेरीच्या सह्या होतात, ठराव वरच्या कोऱ्या जागेत मागाहून लिहितात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. या वेळी ते रजिस्टर घरोघर मीच फिरवलं होतं. "फक्त हजेरी आहे गं," सर म्हणाले होते. ज्याला मी गुरू मानलं, त्याने केसाने गळा कापला, आणि तोही माझ्याच हातून, माझ्या गावाचा.

घरी येऊन मी झेरॉक्स बाबांसमोर टाकली. मला रडू आवरेना.

"बाबा, तुम्ही काहून सही केली जी? वर तं काहीच लिहून नव्हतं!"

बाबांनी कागद उलटसुलट करून पाहिला. त्यांना स्वतःच्या नावापुरतंच लिहिता येतं.

"मले काय समजते वं त्यातलं? तू घेऊन आली होती. तू वाचलं असशीन म्हून मी सही केली. साऱ्या गावानं तशीच केली."